काठाला टेकत नाही तोपर्यंत

सोलापूर, रविवार दुपार

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

पोरांना मराठी ठोकळे जोडून प्रोग्रॅम लिहिता यावेत म्हणून तू जे बनवते आहेस, त्याचा व्हिडिओ दोनदा पाहिला. ठोकळे छान झालेत, आणि एक दुसऱ्याला चिकटताना होणारा 'टक्' आवाज तर फारच आवडला. पण सात मिनिटांत तुझा प्रोग्रॅम एकदाही चालताना दिसला नाही. पत्र त्यासाठीच.

आधी तू विचारलेलं सांगतो. ठोकळे ओढणं-चिकटवणं सांभाळणारं इंजिन स्वतः लिहायचं का? लिहू नकोस. ब्लॉकली हे असलंच तयार इंजिन २०१२ पासून सगळ्यांना खुलं आहे, मुलं ठोकळ्यांनी प्रोग्रॅम लिहितात त्या स्क्रॅचची २०१९ ची तिसरी आवृत्तीही त्याच्याच पायावर उभी आहे. मी हट्टानं सगळं स्वतः लिहायला बसलो आणि दोन उन्हाळे घालवले. तेही सोलापूरचे, जिथे दुपारी पंखासुद्धा गरम हवाच फेकतो. ओढणं-चिकटवणं आठवड्यात जमलं. 'अनडू', म्हणजे केलेलं मागे घेणं, नीट व्हायला तीन महिने लागले. वर देवनागरीची गंमत वेगळीच. फॉन्ट लोड व्हायच्या आत ठोकळ्याची रुंदी मोजली, की शेवटचं अक्षर भिंतीबाहेर लोंबकळतं. फॉन्ट आल्यावरच मोज.

आता मुख्य गोष्ट. मराठीकरण म्हणजे लेबलं बदलणं, असं मला वाटायचं. 'चाल १० पावले' हे मराठी नव्हे, '१० पावले चाल' हे मराठी, एवढं कळत होतं. ब्लॉकलीत आकड्याची खिडकी वाक्यात हवी तिथे सरकवता येते, त्यामुळे ते सोपंही होतं. मी खूश होतो.

मग सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका शाळेत गेलो. बहुतेक पोरांच्या घरी तेलुगू, शाळेत मराठी. पडद्यावरच्या मुंगीला काठापर्यंत चालवायचं होतं. माझा ठोकळा होता: 'जोपर्यंत [ ] तोपर्यंत करत राहा'. सहावीतल्या एका पोरानं रिकाम्या जागेत 'नाही' ठोकळा बसवला आणि त्याच्या पोटात 'काठाला टेकली'. मुंगी जागची हलेना.

"सर, बरोबर टाकलो की! मग हलंना का ओ?"

मी वीस मिनिटं त्याच्या स्क्रीनकडे बघत होतो. पोरगं बरोबरच होतं. आपण म्हणतोच की, 'काठाला टेकत नाही तोपर्यंत चाल'. मी वर मराठी लिहिलं होतं, पण आत इंग्रजीतला 'अनटिल' तसाच बसला होता. अट खरी झाली की थांबणारा. मुंगी सुरुवातीला काठाला टेकलेली नव्हतीच, म्हणजे 'टेकली नाही' ही अट पहिल्याच क्षणी खरी, आणि काम खलास. आता तो ठोकळा '[ ] असं होईपर्यंत करत राहा' म्हणतो.

पण लेबलाची चूक होणारच. मला खटकली ती वीस मिनिटं. माझ्या चित्रात सगळं दिसत होतं, फक्त काय चाललंय ते दिसत नव्हतं.

त्याच आठवड्यात ओळखीच्या चादरीच्या कारखान्यात बसलो होतो. जकार्डची, म्हणजे छिद्रांच्या कार्डांवरून नक्षी विणणाऱ्या मागाची गोष्ट तुला ठाऊक असेल, १८०४ ची युक्ती: कार्डावर छिद्र असेल तर त्या जागचा उभा धागा उचलला जातो, नसेल तर खालीच राहतो. एक कार्ड, एक आडवा धागा. फुलाच्या पाकळीत एक धागा चुकत होता. कारागिरानं माग थांबवला, चुकलेल्या ओळीवरून मागे मोजत गेला, साखळीतलं एक कार्ड बोटानं पकडलं, जास्तीच्या छिद्रावर कागद चिकटवला आणि माग सुरू केला. पाच मिनिटंही लागली नाहीत. बाकीच्या कार्डांना हातही लावला नाही. त्याला दिसत होतं ना, आत्ता कोणतं कार्ड लागलंय ते!

घरी येऊन नवे ठोकळे करणं बंद केलं. चालू ठोकळ्याला पिवळी कड दिली, प्रत्येक अटीशेजारी 'खरं' किंवा 'खोटं' उमटवलं, आणि वेग कासवावर नेणारी एक पट्टी टाकली. जुनं लेबल मुद्दाम तसंच ठेवून त्याच पोरासमोर नेलं. त्यानं पट्टी मागे ओढली, दोनदा चालवलं, आणि म्हणाला, "हे तर आधीच खरं म्हणतंय की!" 'नाही' त्यानंच काढून टाकला.

पोरांचं काम साठवायच्या फाइलींबद्दल थोडक्यात: पहिल्या दिवसापासून फाइलीत आवृत्तीचा आकडा लिही. मी एका ठोकळ्याचं आतलं नाव बदललं आणि एका बाईंच्या वर्गाचं वर्षभराचं काम उघडेना. त्यांनी आवाज चढवला नाही, त्याचाच जास्त त्रास झाला.

गड्ड्याची यात्रा संपली की ये, त्याआधी शाळेत कुणाचं लक्ष नसतं. जे असेल ते घेऊन ये, अर्धवट चालेल. आपण त्याच वर्गात जाऊ. तू मागच्या बाकावर बसायचं आणि पोरं कितीही अडली तरी माउसला हात लावायचा नाही.

तुझा,
सर