कोर्समेट (लष्करी प्रशिक्षणातल्या एकाच तुकडीतला सोबती) जाऊन सात वर्षं झाली, आता त्याच्या घरी कोणत्या तोंडाने जाऊ?

"अंत्यविधीला पोचलो नाही, नंतर जायचं राहिलं, मग जायची लाज वाटायला लागली." ३४ वर्षांच्या, लातूर जिल्ह्यातल्या एका मेजरचं हे सांगणं. (ओळख पटू नये म्हणून अशा काही प्रकरणांचे तपशील इथे एकत्र केले आहेत.) दहावीनंतर दोघं छत्रपती संभाजीनगरच्या सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्थेत दोन वर्षं एकत्र. तिथून खडकवासल्याला एनडीएत (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत), सहाही टर्म एकाच स्क्वाड्रनमध्ये, म्हणजे राहण्याच्या एकाच गटात. पुढे रेजिमेंट वेगळ्या झाल्या. मित्र २७व्या वर्षी, सरावाच्या वेळी गाडी उलटून गेला. त्याचे आईवडील परभणी जिल्ह्यात शेती करतात.

प्रश्न भेटीचा दिसत असला तरी त्याखाली बहुधा दोन गाठी असतात. त्या आधी सुटल्या नाहीत तर माणूस गावच्या फाट्यापर्यंत जातो आणि गाडी वळवतो.

पहिली गाठ मिस्ड कॉलची. मित्राने दोन दिवस आधी फोन केला होता, मेजरनी उचलला नव्हता. "यात तुमचा काय दोष?" असं म्हणून काही होत नाही, समोरचा मान डोलावतो आणि घरी जाऊन पुन्हा तेच उगाळतो. म्हणून कागद घ्यायचा आणि अपघाताची सगळी कारणं लिहायची: रात्रीची वेळ, उतार, पाऊस, गाडीची अवस्था, चालकाचा थकवा, वेळापत्रक. शंभर टक्के या सगळ्यांत वाटायचे आणि स्वतःचा वाटा सगळ्यात शेवटी लिहायचा. क्रम इथे फार महत्त्वाचा. स्वतःपासून सुरुवात केली की माणूस पहिल्याच फटक्यात पन्नास-साठ टक्के आपल्या नावावर टाकतो. शेवटी लिहिताना मेजरच्या वाट्याला काहीच उरलं नाही, तरी त्यांनी हट्टाने पाच टक्के ठेवलेच. ते ठेवू द्यावेत. तो दोष नसतो; मित्राला काय बोलायचं होतं ही हुरहूर असते, आणि ती हिशेबाने जात नाही.

दुसरी गाठ सहसा कुणी उघड बोलत नाही. सैन्याच्या नोंदीत लढाईतला मृत्यू 'बॅटल कॅज्युअल्टी' आणि असा अपघात 'फिजिकल कॅज्युअल्टी'. त्यावरून पेन्शनचा दर बदलतो, मानमरातब बदलतो. गावाने चौकात फलक लावला, १५ ऑगस्टला आणि १७ सप्टेंबरच्या मुक्तिसंग्रामदिनाला आईला 'वीरमाता' म्हणून मंचावर बसवतात. आपण खरं काय ते जाणतो, मग त्यांच्यासमोर खोटं कसं बसायचं, ही मेजरची अडचण. उत्तर सोपं आहे: तो विषय आपण काढायचा नाही. घरच्यांना नोंद माहीत असते, कागद त्यांच्याच हातात आलेले असतात. शाल-नारळाच्या कार्यक्रमांत त्यांना एकच गोष्ट मिळत नाही, ती म्हणजे त्यांच्या पोराबद्दल बोलणारा माणूस.

आता भेट. वर्षश्राद्धाचा दिवस आणि ध्वजवंदनाचे दिवस टाळा. त्या दिवशी घर पाहुण्यांचं असतं. सुगीही टाळा. आधी वडिलांना किंवा भावाला फोन करून तारीख ठरवा, अचानक दारात उभे राहू नका. गणवेश नको. एकटे जा, फार तर एक कोर्समेट बरोबर. दहा-बारा फोटो छापून न्या, कारण मोबाइल तुमच्याबरोबर परत जातो. दीड तास पुरे. पहिल्या भेटीला मुक्काम करू नये.

बरोबर तीन प्रसंग तयार ठेवा, शौर्याचे नकोत. रगड्यात (शिक्षेच्या अंगमेहनतीत) सायकल डोक्यावर घेऊन पळताना तो काय बडबडायचा, कॅम्प रोव्हर या एनडीएच्या मैदानी शिबिरात पाय सोलले तेव्हा त्याने कुणाचे मोजे पळवले, घरून आलेले शेंगदाण्याचे लाडू कुठे लपवायचा. ज्या वयात त्यांचं पोर त्यांच्या नजरेआड होतं, त्या वर्षांचे साक्षीदार तुम्हीच आहात. सुचत नसेल तर आधी तीन-चार दिवस रोज वीस मिनिटं लिहून काढा; मृत्यूबद्दल नको, एखाद्या साध्या दिवसाबद्दल.

"मीच तुमचा मुलगा समजा" हे वाक्य टाळा. ऐकायला गोड, निभावायला अशक्य.

"लई तरास झाला का त्याला?" हा प्रश्न येणारच. जेवढं माहीत आहे तेवढंच सांगा. माहीत नसेल तर "काकू, मी तिथं नव्हतो" म्हणा. दिलासा म्हणून रचलेला तपशील पुढे दुसऱ्या कुणाच्या सांगण्याशी जुळला नाही की आधीचं खरं बोलणंही संशयात येतं.

मेजर गेले. काकूंनी विचारलंच, "इतके दिस कुठं व्हतास रे?" ड्यूटीची सबब न सांगता ते म्हणाले, "तोंड दाखवायची हिंमत झाली नाही." त्यावर काकू काही बोलल्या नाहीत, आत जाऊन चहा ठेवला. नंतर काळी पत्र्याची ट्रंक बाहेर आली. युनिटकडून आलेल्या सामानातल्या निम्म्या वस्तू कशाच्या, हे घरात कुणालाच कळलेलं नव्हतं. कुठला लॅनयार्ड (गणवेशाच्या खांद्यावरची दोरी), ब्लेझरवरचा बिल्ला कशाचा, हे सांगण्यातच वेळ गेला. ट्रंकेतलं काय ठेवायचं, काय वाटायचं यावर मात्र पाहुण्याने मत देऊ नये.

पुढचं कोर्समेटनी वाटून घ्यावं. पुण्यतिथीला ग्रुपवर चाळीस जण मेणबत्तीचं चित्र टाकतात आणि घरी एकाचाही फोन नसतो, हे नेहमीचं. चौघांनी एकेक दिवस घ्या: वाढदिवस, पोळा, दिवाळी, पुण्यतिथी. दरमहा फोनचा शब्द देऊ नका. तिसऱ्या महिन्यात तो मोडतो आणि तिकडे वाट पाहिली जाते.

दुःख राहतंच, पण सहा महिन्यांनंतरही रोजचं काम, झोप, जेवण अडत असेल, दारू वाढली असेल, किंवा आईवडिलांपैकी कुणी "त्याच्या मागं जाते" असं बोलू लागलं, तर भेटीगाठींवर विसंबू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, दिवसरात्र चालतो आणि मराठीत बोलता येतं. मागं जाण्याची भाषा असेल तर त्याच दिवशी फोन लावा आणि त्या माणसाला एकटं ठेवू नका. शेतीच्या घरात फवारणीची औषधं कुलपात गेली आहेत ना, हे आधी बघा.