सहा वर्षांत जमवलेली नावे

“सहा वर्षे एकेक करून जमवलेली नावे आता स्वतःच्याच हाताने काढून टाकायची का?” ईमेल न वाचणाऱ्यांचे पत्ते आपल्या ईमेल-यादीतून काढा, असे सुचवले की छोटे व्यावसायिक मला हा प्रश्न इतक्या वेळा विचारतात, की तो विचारताना त्यांचा आवाज कसा उतरतो हेही आता ओळखीचे झाले आहे. ऑनलाइन सुलेखनवर्ग घेणाऱ्या एका बाईंनी तो विचारला, त्या वेळची ही हकिगत. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

त्यांच्या यादीत बारा हजारांच्या आसपास पत्ते होते आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक लोकांनी वर्षभरात एकही ईमेल उघडल्याची नोंद नव्हती. लोक विसरले असतील असे वाटून त्यांनी आठवड्याला एकाऐवजी तीन ईमेल धाडायला सुरुवात केली. परिणाम असा झाला की ज्यांनी फी भरली होती, त्या नियमित विद्यार्थ्यांनाही वर्गाच्या सूचना स्पॅममध्ये सापडू लागल्या. पाठवणाऱ्याची पत ईमेल सेवा ठरवते ती सगळे वाचक मिळून त्याच्या ईमेलशी कसे वागतात यावरून, आणि ती घसरली की भुर्दंड आवडीने वाचणाऱ्यांनाही बसतो. फेब्रुवारी 2024 पासून गूगल आणि याहू यांनी मोठ्या प्रमाणावर ईमेल पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक केले आहेत. एका क्लिकमध्ये नाव काढण्याची सोय द्यावी लागते आणि स्पॅमच्या तक्रारी 0.3 टक्क्यांच्या खाली, शक्यतो 0.1 टक्क्याच्याही खाली ठेवाव्या लागतात. हजारात तीन जण कंटाळून स्पॅमचे बटण दाबतात, यात अशक्य असे काहीच नाही.

हे सगळे त्यांना पटले, तरी हात धजावत नव्हता. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, “म्हणजे इतक्या लोकांना माझे लिहिणे नकोसे झाले?” खरी अडचण बहुधा इथेच असते. गप्प बसलेल्या माणसाने आपल्याला नाकारले आहे असे धरून चालण्याचे कारण नाही. कोणाची नोकरी बदलते आणि तिथला पत्ता बंद पडतो, कोणाची आवड बदलते, तर कोणी एका नमुन्यापुरतेच नाव नोंदवलेले असते.

त्यानंतर आम्ही सर्वाधिक वेळ ‘निष्क्रिय’ म्हणजे नेमके कोण, या प्रश्नावर घालवला. ईमेल उघडल्याची नोंद त्यात दडवलेल्या एका सूक्ष्म, अदृश्य चित्रावरून होते. ज्याने चित्रे बंद ठेवली आहेत, त्याने शब्द न् शब्द वाचला तरी तो न उघडणाऱ्यांत जमा होतो. उलट, ॲपलने सप्टेंबर 2021 मध्ये आयफोनच्या आयओएस 15 या प्रणालीबरोबर आणलेली गोपनीयतेची सोय ज्यांनी सुरू ठेवली आहे, त्यांच्यासाठी ती चित्रे आधीच उतरवून घेतली जातात, त्यामुळे ईमेलकडे ढुंकूनही न पाहणारा मनुष्य वाचक ठरतो. म्हणून उघडण्याचा आकडा आम्ही बाजूला ठेवला आणि वर्षभरातले क्लिक, उत्तर आणि वर्गाची नोंदणी एवढ्याच खुणा धरल्या. सध्याचे विद्यार्थी आणि गेल्या तीन महिन्यांत आलेले नवे सदस्य यांना या छाननीतून वगळले.

ज्या पत्त्यांवरून ईमेल कायमचे परत येत होते, ते तर लगेच थांबवायचेच होते. वाद झाला तो दोन वर्षांहून अधिक काळ कसलीच खूण नसलेल्यांवरून. त्यांना निदान एक निरोपाचे पत्र धाडू द्या, असा बाईंचा आग्रह होता. मी नको म्हटले, कारण सोडून दिलेल्या काही पत्त्यांचे पुढे सापळे केले जातात आणि अशा पत्त्यावर ईमेल गेले की जुनी यादी न तपासता वापरणारा म्हणून पाठवणाऱ्यावर शिक्का बसतो. शिवाय दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती गूगल डिसेंबर 2023 पासून काढूनही टाकू लागले आहे. त्या यादीला निरोप देऊन ऐकणार कोण?

उरलेल्यांसाठी त्यांनी जो मसुदा आणला त्यात मोठी सवलत होती. ती मी काढायला लावली. सवलतीसाठी आलेला मनुष्य सवलत संपली की पुन्हा गप्प होतो आणि आपण होतो तिथेच राहतो. पत्रात एवढेच विचारले, की ईमेल हवे आहेत का, आणि हवे असतील तर दर आठवड्याला की महिन्यातून एकदा. उत्तर न आल्यास पाठवणे थांबवू, हेही स्पष्ट लिहिले. काही कार्यालयांतली सुरक्षा यंत्रणा ईमेलमधले दुवे माणसाच्या आधी स्वतःच उघडून पाहते, म्हणून होकार नुसत्या क्लिकवर न मोजता पुढच्या पानावरचे बटण दाबल्यावरच धरला. पत्र एकदम सर्वांना न पाठवता लहान तुकड्यांत गेले आणि दहा दिवसांनी एकच स्मरणपत्र.

उत्तर न देणाऱ्यांचे पत्ते पुसले नाहीत, तर ‘पाठवू नये’ अशा वेगळ्या यादीत ठेवले. पूर्णपणे पुसलेला पत्ता एखाद्या जुन्या फाइलमधून नकळत पुन्हा आत येतो, आणि ज्याने स्वतःहून नाव काढून घेतले होते त्याला परत ईमेल जाण्याइतकी दुसरी नामुष्की नाही.

बारा हजारांची यादी साडेचार हजारांवर आली. तो आकडा पाहून बाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत, हेही नमूद करायला हवे. मग त्यांनी मला एक उत्तर पुढे पाठवले. निष्क्रिय म्हणून बाजूला काढलेल्या एका सदस्येने लिहिले होते, की मी चित्रे बंद ठेवून तुमचे प्रत्येक पत्र वाचते, पण क्लिक करण्याजोगे तुम्ही त्यात काही ठेवतच नाही. पुढच्या आठवड्याच्या ईमेलच्या शेवटी बाईंनी पहिल्यांदाच वाचकांना एक प्रश्न विचारला.