मिशनच्या मुळांची नको, खर्चाच्या पत्राची काळजी करा

प्रश्न : मुलीला बारावीनंतर अमेरिकेत सॅन अँटोनियोच्या ट्रिनिटी युनिव्हर्सिटीत इंजिनीअरिंगला प्रवेश मिळतोय. नाव आम्ही कधी ऐकलेलं नाही, विद्यार्थी जेमतेम अडीच हजार, शिवाय स्थापना चर्चच्या लोकांनी केलेली. पाठवावं का? - एक पालक, मिरज

उत्तर : नमस्कार. ही संस्था प्रेस्बिटेरियन पंथाच्या लोकांनी १८६९ साली टेक्ससमधल्या तेहुआकाना या छोट्या गावी काढली. पुढे ती वॅक्साहॅचीला गेली आणि १९४२ मध्ये सॅन अँटोनियोला आली. १९६९ पासून कारभार स्वतंत्र विश्वस्त मंडळाकडे आहे आणि चर्चशी नातं आता ऐतिहासिक उरलंय. तुमच्या मिरजेचं वॉनलेस हॉस्पिटलही अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचंच. तिथे उपचाराला जाताना कुणी कधी धर्म मनात आणला नाही, तसंच इथेही समजा. एक मात्र बघा, ट्रिनिटी नावाच्या संस्था केंब्रिज, डब्लिन आणि हार्टफर्डलाही आहेत. फी भरताना ‘सॅन अँटोनियो, टेक्सस’ तपासून घ्या.

खरा विचार करायचा तो कोर्सचा. इथे मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल अशा वेगळ्या शाखा नाहीत. पदवी एकच, इंजिनीअरिंग सायन्स. सगळ्या शाखांचा पाया पक्का करून घेतात आणि डिझाइनचं काम पहिल्या वर्षापासून हाती देतात. पीएचडीचे विद्यार्थी नसल्यामुळे प्राध्यापकांच्या संशोधनात मदतीला पदवीचीच मुलं लागतात. मोठ्या सरकारी विद्यापीठात ही संधी मिळवायला पहिल्या वर्षाच्या मुलीला फार धडपडावं लागतं. तिला अजून शाखा ठरवता येत नसेल, प्रश्न विचारायची सवय असेल, तर मी बिनधास्त पाठवा म्हणेन. पण एरोस्पेसच करायचं असं तिने पक्कं केलं असेल, तर ही जागा तिच्यासाठी नाही.

आता पैसे. खासगी संस्था आहे, छापील फी डोळे पांढरे करणारी असते. शिष्यवृत्ती वजा जाता हातात उरणारा आकडाच खरा धरा. त्यात आरोग्य विमा आणि राहण्या-जेवणाचा खर्च मिळवा, कारण पहिली तीन वर्षं कॅम्पसवरच राहावं लागतं. पदवीनंतर ओपीटीवर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच काम करायच्या तात्पुरत्या परवानगीवर, एक वर्ष आणि विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदवीला आणखी दोन वर्षं काम करता येतं, पण व्हिसाचे नियम बदलतात. त्या पगाराच्या भरवशावर घर गहाण ठेवून कर्ज काढू नका.

मुलीला आजच दोन ईमेल करायला सांगा. एक इंजिनीअरिंग विभागाला : गेल्या वर्षीच्या विद्यार्थ्यांनी शेवटच्या वर्षी कोणते प्रकल्प केले? दुसरा आर्थिक साहाय्य कार्यालयाला : शिष्यवृत्ती चारही वर्षं टिकवायला किती जीपीए (गुणांची सरासरी) लागतो? दुसऱ्याचं उत्तर लेखी हातात आल्याशिवाय डिपॉझिट भरू नका.