आधी बघणारा कुठे उभा आहे ते बघ

प्रिय,

ऑटोमन तुर्कांच्या साम्राज्यात फिरलेल्या पाश्चात्य प्रवाशांवरचं, त्यांनी ग्रीक आणि तुर्क कसे पाहिले यावरचं तुझं दुसरं प्रकरण काल रात्री वाचून संपवलं. कष्ट दिसतात, भाषाही स्वच्छ आहे. पण मध्यावर घातलेला तक्ता मला पटला नाही. एका रकान्यात ग्रीकांचे कैवारी प्रवासी, दुसऱ्यात तुर्कांचे. हा तक्ता तुझीच वाट अडवतो आहे.

इंग्रज कवी बायरनचंच घे. तुर्कांविरुद्धच्या ग्रीकांच्या स्वातंत्र्यलढ्यात गेला आणि १८२४ साली मिसोलोंगीला वारला, म्हणून तू त्याला पहिल्या रकान्यात बसवलंस. पण १८०९-१० मधला त्याचा पहिला प्रवास काढून बघ. 'चाइल्ड हॅरल्ड' या आपल्या दीर्घकाव्याच्या दुसऱ्या सर्गाला त्याने जोडलेल्या टिपांत तो सरळ म्हणतो की ऑटोमन लोक तुच्छ लेखण्याजोगे नाहीत, निदान स्पॅनिशांच्या तोडीचे आहेत आणि पोर्तुगीजांपेक्षा सरस. त्याच टिपांत तो ग्रीकांची बाजूही घेतो. आता कुठल्या रकान्यात घालशील त्याला?

रकाने सोड आणि प्रवाशाचा एक दिवस डोळ्यांपुढे आण. सकाळी घोडी ठरवायची, घासाघीस करायची. होडीवाल्याशी हुज्जत. रात्रीचा मुक्काम बहुधा एखाद्या ख्रिस्ती घरात नाहीतर मठात. या सगळ्या व्यवहारात समोर बहुतेक ग्रीक माणूस. तुर्क भेटतो तो आगा किंवा पाशा, म्हणजे अंमलदार म्हणून: गाद्यागिरद्या, कॉफी, लांब नळीची चिलीम, प्रवासाचं सरकारी फर्मान वाचून केलेली विचारपूस. एकाशी पैशाचा संबंध, दुसऱ्याशी पाहुणचाराचा. 'ग्रीक लबाड, तुर्क दिलदार' हे मत इतक्या पुस्तकांत का सापडतं, याचं निम्मं उत्तर इथे आहे. उरलेलं उत्तर प्रवाशाच्या सोबतीला दिलेल्या जॅनिसरीकडे, म्हणजे सुलतानाच्या शिपायाकडे. त्याला बघून गावकरी कोंबड्या आणि धान्य दडवायचे, कारण शिपाई आला की सामान जातं आणि दाम मिळेलच असं नाही, हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. आपला प्रवासी मात्र वहीत लिहितो की लोक खोटं बोलतात. अशी वाक्यं मीही पूर्वी निमूटपणे उतरवून घेतली आहेत. कोंबडी का दडवली, हे विचारायला मला फार वर्षं लागली. तुला तेवढी लागू नयेत.

ऑक्टोबर १८०९ मध्ये बायरन अल्बेनियातल्या तेपेलेनाला तिथला सत्ताधीश अली पाशा याला भेटला. आईला लिहिलेल्या पत्रात तो सांगतो की पाशाने बायरनचे बारीक कान, कुरळे केस आणि छोटे गोरे हात पाहून खानदान ओळखलं, आणि बदाम, साखरेचं सरबत, फळं, मिठाई दिवसातून वीस वेळा पाठवली. एकवीस वर्षांच्या मुलाला इतकं मिळाल्यावर त्याचं मत कुणीकडे झुकेल? तरी त्याच पत्रात तो पाशाला निर्दय जुलमीही म्हणतो. ही प्रामाणिकपणाची खूण तू गाळली आहेस, ती परत घाल. शिवाय अली पाशा अल्बेनियन होता आणि त्याच्या दरबाराचा कारभार ग्रीक भाषेत चालायचा. तुझ्या तक्त्यात मात्र तो 'तुर्क' आहे.

हा शब्दांचा घोळ नीट सोडव. पाश्चात्य प्रवासी बहुतेक कुठल्याही मुसलमानाला 'तुर्क' म्हणत, घरात ग्रीक बोलणाऱ्या क्रीटच्या मुसलमानालासुद्धा. उलट अनातोलियातले करमानली लोक धर्माने ऑर्थोडॉक्स, बोलायचे तुर्की आणि ती लिहायचे ग्रीक लिपीत. ज्यांना प्रवासी प्राचीन अथेन्सच्या पेरिक्लीसचे वंशज समजत होते, ते बहुतेकजण स्वतःला 'रोमिओस' म्हणवत, म्हणजे रोमन.

इंग्रज व्यापारी थॉर्नटनचं तुर्कस्तानवरचं पुस्तक १८०७ चं. तुर्कांविषयी समजूतदार, ग्रीकांवर कठोर. तू त्याला 'दीर्घ अनुभवाचा साक्षीदार' म्हटलं आहेस. अनुभव दीर्घ खरा, पण कुठला? कॉन्स्टँटिनोपलच्या पेरा भागातला, जिथे युरोपीय व्यापारी राहायचे. बड्या ग्रीकांची वस्ती गोल्डन हॉर्न खाडीच्या पलीकडे, फनारमध्ये. बायरनने नेमकं यावरच बोट ठेवलं: लंडनच्या वॅपिंगमध्ये वर्षं काढून स्कॉटलंडचे डोंगर जेवढे कळतील, तेवढाच पेरात राहून ग्रीस कळणार. अथेन्समध्ये जन्म काढलेला फ्रेंच कॉन्सल फोव्हेल म्हणायचा की ग्रीक इतके घसरले आहेत की ते स्वातंत्र्याला लायक नाहीत. त्यावरचं बायरनचं उत्तर पाठ करून ठेव: ही घसरण ज्या कारणांनी झाली, ती त्याच उपायाने दूर होतील ज्याला तुम्ही विरोध करता आहात. आपल्या वाचकाला हा युक्तिवाद ओळखीचा वाटेल. मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन १८२७ साली इथून निघाला, तोही परतीच्या वाटेवर ग्रीसमध्ये फिरला होता. पेशवाई बुडाल्यावर आपली मोजदाद करणारी नजर तिथेही पोचली होती.

इंग्रज पत्रलेखिका लेडी मेरी माँटेग्यूवर तू खूश आहेस, मीही आहे. नवरा राजदूत, म्हणून १७१७ मध्ये ती एडिर्ने या तुर्की शहरात पोचली आणि पुरुषांना बंद असलेल्या घरांत बसली. ज्या घरांत कधी पाऊल टाकलं नाही त्यांची वर्णनं करणाऱ्या आधीच्या लेखकांना तिने झोडपलं, ते योग्यच. पण तुर्की बायकांइतकं स्वातंत्र्य कुणालाच नाही, असं ती म्हणते तेव्हा विचार की या बायका कोण. तिला आमंत्रण होतं ते वजिराच्या बायकोचं. आणि त्या भेटीत दुभाषी एक ग्रीक बाई होती! तुर्की घराचं ते चित्र एका ग्रीक तोंडातून आपल्यापर्यंत आलं आहे. या दुभाष्या बाईवर एक परिच्छेद हवा. तिचं नाव सापडलं नाही तरी चालेल, तिची जागा दाखव.

फ्रेंच लेखक शातोब्रियाँला जास्त पानं देऊ नकोस. १८०६ च्या ऑगस्टमध्ये तो जेमतेम काही आठवडे ग्रीसमध्ये होता. स्पार्टाच्या अवशेषांत उभा राहून त्याने तिथल्या प्राचीन राजाला 'लिओनिदास!' अशी हाक मारली, आणि एकाही दगडाने ओ दिली नाही म्हणून हळहळला. आसपासच्या जिवंत माणसांना मात्र त्याने फारसं काही विचारलं नाही. पण अर्गोसला ज्याच्या घरी तो उतरला, त्या डॉक्टर अवरामिओत्तीने १८१६ मध्ये त्याच्या चुका दाखवणारं पुस्तकच छापलं. ज्यांच्याकडे बघितलं जात होतं, त्यांच्यातला एक उलटून बोलला. ग्रीक विद्वान कोराईसने तर १८०३ सालीच पॅरिसमध्ये ग्रीसच्या शाळांविषयी, व्यापाराविषयी, नव्या जागृतीविषयी निबंध वाचला होता. ही दोन्ही नावं तू तळटिपेत ढकलली आहेस. मला त्याचं वाईट वाटलं.

शेवटचा भाग १८२२ मध्ये ऑटोमन फौजेने खिऑस बेटावर केलेल्या ग्रीकांच्या हत्याकांडावर आहे, तो चांगला उतरला आहे. पण त्याच्या आदल्याच वर्षी त्रिपोलित्सा शहरात ग्रीकांनी मुसलमान आणि ज्यू मारले, त्याचा उल्लेखही नाही. खिऑसवर फ्रेंच चित्रकार दलाक्रवाचं भव्य चित्र आहे, त्रिपोलित्सावर तसं नाही. असं का, ते लिही, न बिचकता.

तक्ता काढून टाक. प्रकरण तेपेलेनाच्या सरबतापासून सुरू कर आणि अवरामिओत्तीला वर मजकुरात आण. दुरुस्त केलेली पानं कागदावरच पाठव, पडद्यावर मला आता नीट वाचवत नाही.

तुझी,
बाई