वाचक विचारतात: पॅटर्नमधले कार्डिगन आपल्या मापाचे कसे करावे?

प्रश्न: मी निवडलेल्या कार्डिगनच्या पॅटर्नमध्ये 10 सेंटिमीटरला 22 टाके दिले आहेत, पण माझ्याजवळची लोकर त्याहून थोडी जाड आहे. शिवाय मला लांबी 5 सेंटिमीटर जास्त आणि बाही दंडाशी 3 सेंटिमीटर सैल हवी आहे. सगळाच हिशेब नव्याने करावा लागेल का?

उत्तर: बराचसा करावा लागेल, मात्र तो अवघड नाही. आधी 15 सेंटिमीटरचा चौकोनी नमुना विणा, धुऊन सपाट वाळवा आणि कडा सोडून मधल्या 10 सेंटिमीटरमधील टाके व ओळी मोजा. न धुतलेल्या नमुन्यावर विसंबू नये, कारण धुतल्यावर लोकर बहुधा सैलावते. समजा, तुमचे 20 टाके आणि 28 ओळी भरल्या. मग पाठीसाठी दिलेले 110 टाके तसेच घातल्यास पाठ 50 ऐवजी 55 सेंटिमीटर रुंद होईल. 50 सेंटिमीटरसाठी 100 टाके पुरतात. तरीही 102 घ्यावेत, कारण दोन्ही बाजूंचा एकेक टाका शिलाईत जातो आणि दोन सुलट, दोन उलट अशी बॉर्डर दोन्ही टोकांना सारखी संपते.

लांबी वाढवणे सर्वांत सोपे. 5 सेंटिमीटर म्हणजे तुमच्या 14 ओळी. त्या मुंढ्याच्या (बाही जोडतात त्या खोलगट कडेच्या) खाली, पुढच्या दोन्ही भागांत आणि पाठीत सारख्याच घालाव्यात. मुंढ्याच्या वर घातल्यास मुंढा खोल होतो आणि बाही त्यात नीट बसत नाही.

खरे लक्ष बाहीकडे द्यावे. 3 सेंटिमीटर म्हणजे 6 टाके, आणि वाढीच्या प्रत्येक ओळीत दोन टाके वाढत असल्याने वाढीच्या तीन ओळी जास्त लागतील. मनगटाच्या बॉर्डरपासून मुंढ्यापर्यंत 100 ओळी असतील आणि आधी नऊ वेळा वाढ असेल, तर आता बारा वेळा, म्हणजे दर आठव्या ओळीला वाढ करावी. उरलेल्या ओळी साध्या विणाव्यात. पण बाही रुंद झाली की तिचा वरचा गोलाकार भागही रुंद होतो, म्हणून तिथे 6 टाके जास्त घटवून त्याची कडा मुंढ्याच्या कडेशी फितीने मोजून जुळवावी. फरक थोडा असेल तर शिवताना सामावतो, जास्त असेल तर मुंढाच थोडा खोल घ्यावा. माझ्या मते, पॅटर्न बदलताना हा भाग सर्वांत शेवटी आणि सर्वांत कमी बदलावा.

पुढच्या बटण-काजांच्या पट्टीसाठी कडेवरून टाके उचलताना साधारण दर चार ओळींमागे तीन टाके घ्या. बटणांची पट्टी आधी विणून तिच्यावर वाढलेल्या लांबीप्रमाणे सारख्या अंतरावर खुणा करा आणि मगच त्या खुणांसमोर दुसऱ्या पट्टीत काजे घाला. लोकर मात्र एक गुंडा जास्तच, आणि एकाच रंगाच्या लॉटमधली, म्हणजे एकाच वेळी रंगवलेली घ्या.