वॉर्निशचे फोड आणि खांबांचे पाय

सुतारकामाच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : काका, गुहागरजवळ समुद्रापासून दोनशे पावलांवर आमचं घर आहे. तीन वर्षांपूर्वी पुढच्या अंगाला १२० फूट लांब, चार फूट उंच सागवानी कुंपण घातलं. त्यावर चकचकीत वॉर्निशचे तीन हात दिले होते. आता पापुद्रे निघताहेत, खालचं लाकूड काळं पडलंय आणि प्रत्येक खिळ्याखाली काळा ओघळ आहे. घरचे म्हणतात, मिरग तोंडावर आलाय, वरून आणखी एक हात मारून मोकळं व्हा. मारू का?

उत्तर : ताई, मारू नका. नवा हात जुन्या पापुद्र्याला चिकटेल, लाकडाला नाही. गणपतीपर्यंत दोन्ही मिळून उतरतील.

हे मी आपटून शिकलोय. बावीस वर्षांपूर्वी आचऱ्याकडच्या एका घराला असंच कुंपण करून दिलं. गिऱ्हाइकाला चकाकी हवी होती, आणि खरं सांगायचं तर बिल वाढणार म्हणून मलाही हवी होती. मे अखेरीला वॉर्निशचे चार हात दिले. श्रावणात बोलावणं आलं. जाऊन बघतो तर फळ्यांवर कांजिण्या आल्यासारखे फोड. एक नखाने फोडला, तर आतून चहाच्या रंगाचं पाणी ओघळलं, बोटाला आंबूस वास. वरचा पापुद्रा मात्र शाबूत, कुठे भेग नाही. मग पाणी शिरलं कुठून? एक फळी उचकटून उलटी केली तेव्हा कळलं. खालचं कापलेलं तोंड कोरं होतं! आम्ही फळ्या ठोकून झाल्यावर वॉर्निश दिलं होतं, तिथे ब्रश पोचलाच नव्हता.

लाकूड म्हणजे बारीक नळ्यांची जुडी. अंगावरून पाणी सावकाश शिरतं, कापलेल्या तोंडातून ते सरळ वर चढतं. अंग वॉर्निशने बंद केलेलं, मग आत गेलेल्या पाण्याने जायचं कुठे? ऊन पडलं की त्याची वाफ होते आणि पापुद्रा उचलते. शिवाय पारदर्शक वॉर्निशमधून ऊन आत उतरतंच. त्यातले अतिनील किरण लाकडाचे तंतू सांधून ठेवणारं लिग्निन खातात. म्हणजे वॉर्निशने ज्याला घट्ट धरलंय, तेच खाली भुसभुशीत होतं.

आपल्याकडच्या चार महिन्यांच्या पावसात पाणी लाकडात जाणारच. ते परत बाहेर पडेल एवढं बघायचं. म्हणून उघड्यावर आत मुरणारा, रंगीत, तेली स्टेन लावायचा. वर कातडं धरणारं काही नको, मग डब्यावर जहाजाचं चित्र असलं तरी.

सध्या एवढंच करा : जे पापुद्रे आपसूक सुटताहेत ते खरडून काढा, फळ्यांच्या तळाशी साचलेली माती आणि पालापाचोळा उपसा, आणि कुंपण तसंच पावसात उभं राहू दे. सागाचा गाभा एका पावसाळ्याने मरत नाही. ताडपत्री गुंडाळू नका, आत घाम धरतो आणि बुरशीला उबदार घर मिळतं. आत्ताच घाईने सगळं सोलून तेल द्याल, तर वळीव येईपर्यंत ते सुकणार नाही आणि पावसाळाभर चिकट राहील.

खरं काम दिवाळीनंतर. आधी गोड्या पाण्याने कुंपण धुवा, कारण तुमच्या इथे फळ्यांवर मीठ बसलेलं असणार. मीठ हवेतली ओल ओढतं आणि वर दिलेलं काही धरू देत नाही. प्रेशरच्या पंपाने धुऊ नका, लाकडाचे केस उभे राहतात. काळी बुरशी असेल तिथे ब्लीचिंग पावडरचं पातळ पाणी, नारळाच्या काथ्याने घासायचं, पुन्हा भरपूर गोडं पाणी. त्यानंतर आठ-दहा कोरडे दिवस जाऊ द्या. ओल मोजायचं यंत्र मिळालं तर आकडा १५ टक्क्यांच्या आत हवा. पण खाऱ्या लाकडावर ते यंत्र जास्त ओल दाखवतं. मी रंध्याने एक पातळ पापुद्रा काढतो आणि खालच्या ताज्या लाकडावर यंत्राच्या सुया टोचतो.

मग स्क्रेपरने जुनं वॉर्निश काढायचं. त्यानंतर ६० नंबरचा काचपेपर, शेवटी ८०. इथेच थांबायचं. पुढे १२०, १८० करून लाकूड गुळगुळीत केलंत की तोंडं बुजतात आणि तेल वरच राहतं. कुंपण म्हणजे काही देव्हारा नव्हे.

खिळ्यांखालचे काळे ओघळ ही बुरशी नाही. सागातल्या कषाय द्रव्याशी लोखंड भेटलं की शाईच होते, पूर्वी शाई अशीच करत. ती ऑक्झॅलिक ॲसिडने जाते. प्लास्टिकच्या बादलीत लिटरभर कोमट पाण्याला ५० ग्रॅम, हातमोजे आणि चश्मा घालून ब्रशने लावायचं, पंधरा-वीस मिनिटांनी धुऊन टाकायचं. विषारी आहे, पोरं आणि गुरं लांब ठेवा. ब्लीचिंगचं पाणी आणि हे एकत्र कधीही होऊ देऊ नका, विषारी वायू सुटतो. आणि खिळे तेच ठेवलेत तर पुढच्या वर्षी ओघळ हजर. ते काढून स्टेनलेस स्टीलचे स्क्रू घाला, तेही ३१६ ग्रेडचे. दुकानदार ३०४ पुढे करेल, आणि तुमच्या खाऱ्या वाऱ्यात वर्षभरात त्यावर चहाच्या रंगाचे गंजाचे डाग पडतील.

स्टेन द्यायचा तो दहा ते तीनच्या दरम्यान. सकाळी दव असतं, सकाळचा मतलई वारा निवेपर्यंत फळी हाताला गार लागते. तापलेल्या फळीवरही नको, सावली जशी फिरेल तसं तिच्या मागे फिरा. एक फळी वरपासून खालपर्यंत एकदमच पुरी करायची, मध्ये थांबलात तर पट्टा दिसतो. पंधरा मिनिटांनी जे मुरलं नाही ते फडक्याने पुसून घ्यायचं. हे पुसणं लोक टाळतात, आणि मग ‘तुमचा स्टेन चिकट आहे’ म्हणून फोन करतात. रंधलेल्या लाकडावर पहिल्या हाताला लिटरमागे ८० चौरस फूट धरा, दुसऱ्याला दीडशेच्या आसपास. तुमच्या दोन्ही बाजू मिळून १८-१९ लिटर लागेल.

तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. अळशीचं तेल हवेत सुकताना तापतं, आणि ढिगाऱ्यातली उष्णता बाहेर पडत नाही. माझ्या कारखान्यात अशा एका डब्यातून धूर निघालेला मी पाहिलाय, काडी न लावता. फडकी दोरीवर सुटी वाळत घाला, नाहीतर पाण्यात बुडवून ठेवा.

फळ्यांच्या वरच्या आणि खालच्या तोंडांना मात्र तीन वेळा पाजा, पिणं थांबेपर्यंत. आणि खांब बघा. खिशातला चाकू घ्या, जमिनीच्या रेषेशी, वर नाही आणि खाली नाही, बरोबर त्या रेषेत तो टोचा. टणक लागला तर हुश्श. वडीत सुरी जावी तसा गेला, तर रंगाचा विचार नंतर, आधी खांब बदला. लाकूड कुजतं ते त्या दोन-तीन इंचांत, कारण तिथे ओलही आहे आणि हवाही. खोल पुरलेला भाग बऱ्याचदा शाबूत निघतो. काँक्रीटच्या खड्ड्यात खांब रोवला असेल तर तो पाण्याच्या पेल्यात पाय बुडवून उभा आहे असंच समजा. नवा खांब चिऱ्यावर गॅल्व्हनाइज्ड बूट बसवून उभा करा. फळ्या जमिनीपासून तीन इंच वर घ्या. लाल मातीचे शिंतोडे उडणारच, ते धुऊन जातात. खांबाचं डोकं मात्र उताराचं कापा.

समुद्राकडच्या बाजूला दोन वर्षांनी पुन्हा हात लागेल, घराकडच्या बाजूला तीन. तांब्याभर पाणी शिंपडा. थेंब उभे राहिले तर अजून वेळ आहे, दोन मिनिटांत मुरले तर आणखी एक हात.

प्रश्न : गाडीचं जळकं ऑइल फुकट मिळतं. कुंपणाला मारलं तर वाळवी लागत नाही म्हणतात. खरं का? (रेवदंडा)

उत्तर : भाऊ, वाळवी थोडे दिवस लांब राहते हे खरं. पण ते तेल सुकतच नाही. पोरांचे हात, धुतलेले कपडे, गाईची पाठ, सगळ्यांना लागतं. पहिल्याच पावसात ते तुमच्या परड्यात आणि तिथून विहिरीत जायला लागतं, आणि त्यात इंजिनातल्या धातूंचा कीस असतो. फुकट मिळतं म्हणून विहिरीच्या पाण्याशी खेळू नका.

प्रश्न : मी मालवणचा, वय ७८. आमचे वडील होडीला काजूच्या टरफलाचं तेल आणि माशाचं तेल लावायचे, वर्षानुवर्षं होड्या चालल्या. तुम्ही मात्र डब्यातला स्टेन सांगता. हे कोणासाठी? कंपनीवाल्यांसाठी का?

उत्तर : आजोबा, रागावू नका, माझे आबासुद्धा होड्यांचंच काम करत. मार्चात वाळूवर उलट्या पाडलेल्या होड्यांना तेल चोपडायला मी शाळा बुडवून जायचो. कोपरापर्यंत काजूचं तेल लागून हात भाजल्यासारखे झाले होते, त्याचा काळा डाग अजून डाव्या मनगटावर आहे. गुण आहेच त्या तेलात. ते लाकडात खोल मुरतं आणि किड्याला तोंड लावू देत नाही.

पण होडी आणि कुंपण यांत फरक आहे. होडीला दर हंगामात तेल मिळतं, आणि ती वापरातली, सतत डोळ्यांसमोरची. कुंपण एकदा घातलं की माणूस पाच वर्षं त्याच्याकडे बघत नाही. शिवाय काजूचं तेल काळपट होत जातं, घरमालकाला ते चालत नाही. उन्हापासून लाकूड वाचवतो तो रंगाचा कण, नुसतं तेल नव्हे. आबा अळशीच्या तेलात काव कालवायचे ना, त्याचं मर्म तेच होतं. काव म्हणजे लोखंडाचा गंज, आणि तो अतिनील किरण अडवतो. डब्यातल्या तपकिरी स्टेनमध्येही बहुतेक वेळा हाच कण असतो, फक्त बारीक दळलेला.

तुम्हाला घरचंच करायचं असेल तर उकळलेलं अळशीचं तेल (दुकानात ‘बॉइल्ड लिनसीड’ म्हणून मिळतं ते, घरी उकळायचं नाही) दोन भाग, टर्पेंटाइन एक भाग आणि चहाचा चमचाभर काव लिटरमागे. पातळ हात द्या, पुसून घ्या. दर दिवाळीला पुन्हा. नुसत्या अळशीच्या तेलावर आपल्या दमट हवेत काळी बुरशी पोसते, तेवढं ध्यानात ठेवा. काजूचं तेल पुरायच्या भागाला लावा, तिथे ते नामी. हातमोजे घालूनच. खांबाचा बुंधा जाळून काळा करायचा, तो प्रकार मी दोन कुंपणांवर करून पाहिला, मला फरक दिसला नाही. तुम्हाला दिसला असेल तर लिहा.

प्रश्न : कोकणातल्या जागेवर नवीन कुंपण घालायचंय, बजेट कमी. पॅलेटचं पाइन स्वस्त मिळतं, त्यावर ‘एचटी’चा शिक्का आहे म्हणजे प्रक्रिया केलेलं आहे ना? (ठाणे)

उत्तर : शिक्का खरा आहे, अर्थ दुसरा. एचटी म्हणजे उष्णता देऊन आतले किडे मारलेले, म्हणजे बंदरातून जाताना कीड परदेशी पोचू नये. कुजण्याविरुद्ध त्यात काहीच नाही. आपल्या पावसात असलं पाइन दोन-तीन पावसाळे काढेल, स्टेन कितीही द्या. पाइन घ्यायचंच असेल तर दाबाखाली औषध मुरवलेलं घ्या. तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिकचं ते हिरवट औषध डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सोंती कामेशम यांनी १९३३ साली शोधलं, आणि जगभर गेलं. आर्सेनिकमुळे अमेरिकेत २००३ अखेर घरगुती लाकडासाठी त्याचा वापर थांबवला, आता तिकडे बिनआर्सेनिकची तांब्याची औषधं वापरतात. असं लाकूड कापताना मास्क लावा. तुकडे चुलीत जाळू नका, झोपाळा किंवा भाजीच्या वाफ्याला वापरू नका. बोरॅक्सची पावडर पाण्यात मिसळून दिलेलं लाकूड उघड्यावर नको, ते पावसात धुऊन जातं. घरातल्या कपाटाला ठीक.

स्थानिक घ्यायचं तर सागाचा गाभा, खांबांना ऐन. फणसाचा पिवळा गाभाही चांगला. आंबा नको, सुरूच्या बल्ल्याही नकोत. कोणत्याही झाडाचं बाहेरचं पांढरं लाकूड काढून टाका, ते वाळवीचं जेवण. आपल्याच बागेतला साग, आंबा किंवा फणस तोडायचा असला तरी राज्यात १९६४ च्या कायद्याने परवानगी लागते, आधी अर्ज करा.

आणि विचारलंत म्हणून सांगतो, मी सुतार असूनही माझ्या परड्याला लाकूड नाही. तीन बाजूंनी चिऱ्याचा गडगा आहे आणि चौथ्या बाजूला मेंदीची वई. लाकूड फक्त गेटला, सहा फूट. तेवढ्याला दिवाळीत एका सकाळी हात देतो, उरलेला स्टेन झाकण घट्ट लावून डबा उलटा ठेवतो.