हप्ता ७२ हजारांवर गेला, पॉलिसी ठेवायची की सोडायची?

प्रश्न : आम्ही इंदूरला लोकमान्यनगरात राहतो. घरात सहा माणसं. मिस्टर ४४ वर्षांचे, पीथमपूरला एका कारखान्यात नोकरीला. मी ४०, मुलगी अकरावीत, मुलगा सातवीत, सासरे ७१ आणि सासूबाई ६६. सासूबाईंना मधुमेह आहे, तो फॉर्मवर लिहिला होता. २०२१ पासून सहाही जणांची मिळून ५ लाखांची फॅमिली फ्लोटर पॉलिसी आहे. आजवर एकही क्लेम घेतलेला नाही. गेल्या वर्षी हप्ता ६१,००० होता, यंदा ७२,००० ची नोटीस आली आहे. पुढच्या महिन्यात मुदत संपते आणि मुलीच्या भंवरकुआंच्या कोचिंगची फीसुद्धा तेव्हाच भरायची आहे. मिस्टर म्हणतात, कारखान्याकडून आपल्या चौघांना ३ लाखांचं कव्हर आहेच, ही पॉलिसी बंद करू. सासरे म्हणतात, "माझं नाव काढा, हप्ता आपोआप उतरेल." ते असं म्हणाले की फार वाईट वाटतं. काय करावं?
— एक वाचक, इंदूर

उत्तर : ताई, पॉलिसी बंद करू नका. मी इंदूरच्याच एका खासगी रुग्णालयात विम्याच्या काउंटरवर बरीच वर्षं काम केलं आहे. हप्ता झेपेना म्हणून पॉलिसी सोडली आणि वर्षाच्या आतच घरातलं कुणी आयसीयूत गेलं, अशी माणसं काउंटरसमोर उभी राहिलेली मी पाहिली आहेत. त्या वेळी त्यांच्यासाठी मला काहीच करता येत नसे.

तुमची पावती नीट पाहू. गेल्या वर्षीच्या ६१,००० मध्ये १८ टक्के जीएसटी होता, म्हणजे मूळ हप्ता साधारण ५१,७००. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि कुटुंबाच्या आरोग्य विम्यावर जीएसटी शून्य आहे. तरीही यंदा ७२,०००. म्हणजे वाढ दिसते ११ हजारांची, पण मूळ हप्ता ३९ टक्क्यांनी चढला आहे. ६० वर्षांवरच्या ग्राहकांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा असेल तर कंपनीने आधी आयआरडीएआयशी, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेशी, सल्लामसलत केली पाहिजे, असा आदेश जानेवारी २०२५ मध्ये निघाला आहे. त्यामुळे यातली वयोगट बदलल्यामुळे झालेली वाढ किती आणि दर वाढवल्यामुळे किती, हे कंपनीला ईमेल करून विचारा. फोनवर विचारलेल्याला काही पुरावा राहत नाही. उत्तर आलं नाही तर आयआरडीएआयच्या बीमा भरोसा पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.

तुमच्या सासऱ्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे. फ्लोटरचा दर घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाच्या वयावर ठरतो आणि सत्तरी ओलांडली की बहुतेक ठिकाणी वरचा वयोगट लागतो. पण त्यांना सांगा, नाव काढायचं नाही, वेगळं करायचं आहे. याच कंपनीत नूतनीकरणाच्या वेळी पॉलिसीची विभागणी करून मागा : तुम्हा चौघांची एक फ्लोटर, सासूबाईंची वेगळी आणि सासऱ्यांची वेगळी. चौघांचा दर मग ७१ ऐवजी ४४ वर्षांप्रमाणे लागेल. दुसऱ्या कंपनीत जायचं तर पोर्टिंगचा अर्ज मुदतीच्या ४५ दिवस आधी करावा लागतो, ती वेळ यंदा बहुधा निघून गेली.

सासूबाईंच्या बाबतीत मात्र फार जपा. आधीपासूनच्या आजारासाठीची प्रतीक्षा तुम्ही २०२१ पासून हप्ते भरून पूर्ण केली आहे. पॉलिसी तुटली तर नव्या ठिकाणी मधुमेहासाठी पुन्हा ३ वर्षांपर्यंत थांबावं लागेल, तेही वयाच्या ६६ व्या वर्षी, आणि मुळात पॉलिसी मिळाली तर.

सासऱ्यांसाठी या आठवड्यातच आयुष्मान वय वंदना कार्ड काढा. २०२४ च्या ऑक्टोबरपासून ७० वर्षांवरच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, वर्षाला ५ लाखांचे मोफत उपचार मिळतात. खासगी पॉलिसी असली तरी चालतं. जुन्या आजारांना पहिल्या दिवसापासून संरक्षण आहे. आधार कार्ड घेऊन आयुष्मान अ‍ॅपवर किंवा योजनेत असलेल्या रुग्णालयात हे काम होतं. चौकशीचा क्रमांक १४५५५. कार्ड आलं की तुम्ही एरवी ज्या रुग्णालयात जाता तिथे प्रत्यक्ष जाऊन विचारा : तुम्ही योजनेत आहात का, आणि हृदय, हाडं, मूत्रपिंड यांतले कोणते उपचार तुमच्याकडे कार्डावर होतात? नाव यादीत असतं, पण हवा तो विभाग नसतो, हे रात्री अकरा वाजता कळू नये. एवढी खात्री झाली की सासऱ्यांची खासगी पॉलिसी कमी रकमेची केली तरी चालेल. त्याआधी मात्र तिला हात लावू नका.

कारखान्याच्या ३ लाखांवर विसंबू नका. नोकरी सुटली की ते कव्हरही जातं. चौघांची ५ लाखांची पॉलिसी तशीच ठेवून वर ५ लाख डिडक्टिबलचा, म्हणजे पहिले ५ लाख सोडून त्यावरचं बिल देणारा, सुपर टॉप-अप घ्या. साधा टॉप-अप नको. समजा एका वर्षात ४-४ लाखांची दोन बिलं आली. साधा टॉप-अप प्रत्येक बिल वेगळं मोजतो आणि दोन्ही ५ लाखांच्या आत म्हणून काहीच देत नाही. सुपर टॉप-अप बेरीज पाहतो आणि वरचे ३ लाख देतो. मूळ कव्हर दुप्पट करण्यापेक्षा हा रस्ता पुष्कळ स्वस्त पडतो.

आता खोलीच्या भाड्याबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण माझ्या काउंटरवरची निम्मी भांडणं याचीच असत. पॉलिसीत रोजच्या भाड्याची मर्यादा ५,००० असेल आणि तुम्ही ८,००० ची खोली घेतली, तर रोजचे ३,००० भरले की सुटलो असं लोक धरून चालतात. तसं होत नाही. डॉक्टरांची फी, शस्त्रक्रियागृह, नर्सिंग यांचं बिलही त्याच प्रमाणात कापलं जातं. हा भाग १,६०,००० चा असेल तर कंपनी १,००,००० देते आणि ६०,००० तुमच्या खिशातून जातात, भाड्यातला फरक वेगळाच. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्यांना ही कात्री लागत नाही. नव्या पॉलिसींत 'रूम रेंट' ही ओळ शोधा आणि तिथली रक्कम एका कागदावर लिहून कपाटाच्या दाराला चिकटवा. दाखल करायला बहुतेक वेळा घरातलं जे हाताशी असेल ते धावतं, पॉलिसी वाचलेला माणूस नव्हे.

हप्त्यासाठी कोचिंगची फी अडवू नका. मासिक किंवा तिमाही हप्त्याची सोय बऱ्याच कंपन्यांकडे असते, ती मागा. मिस्टर जुन्या करपद्धतीत असतील तर आयकराच्या ८०डी कलमाखाली स्वतःच्या कुटुंबाच्या हप्त्यावर २५,००० आणि ज्येष्ठ आईवडिलांच्या हप्त्यावर ५०,००० पर्यंत वजावट मिळते. पॉलिसी वेगळ्या असल्या की तो हिशेबही सरळ होतो. पैसे रोख भरू नका, रोख भरलेल्यावर वजावट नाही.

विभागणीच्या अर्जात दोन गोष्टी स्पष्ट लिहा : २०२१ पासूनचं सातत्य प्रत्येकाच्या नव्या पॉलिसीत नोंदवावं, आणि क्लेम न घेतल्याचा जमा बोनस कुणाच्या वाट्याला किती येणार ते कळवावं. नव्या पॉलिसी हाती आल्या की पहिल्या पानावर 'प्रथम विमा दिनांक' पाहा. तिथे २०२१ नसेल तर त्याच दिवशी लेखी दुरुस्ती मागा. कंपनीने ३० दिवसांत दाद दिली नाही तर आपल्या मध्य प्रदेशासाठी विमा लोकपालांचं कार्यालय भोपाळला आहे. तिथे फी लागत नाही आणि वकीलही लागत नाही.